कॉर्डलेस ड्रिलची बसलेली बॅटरी: नव्याने बांधावी, की मशीनच बदलावं?

रंधा_डिचोली

नमस्कार मंडळी. डिचोलीत माझं सुतारकामाचं छोटं युनिट आहे. १८ व्होल्टच्या दोन जुन्या ड्रिल मशीन आहेत, निकेल-कॅडमियम बॅटरीवाल्या. मशीन खणखणीत आहेत. गिअर, चक, मोटर, कशाचीच तक्रार नाही. बॅटऱ्यांनी मात्र मान टाकलीय. चार्जरवर ठेवल्या की बघता बघता हिरवा दिवा लागतो, आणि आठ-दहा स्क्रू मारले की मशीन रडायला लागतं. हे मॉडेल बंद झाल्यामुळे नवी बॅटरी मिळत नाही.

तिसरं मशीन लिथियमवालं आहे, १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर. त्याची बॅटरी गेल्या वर्षी पावसाळाभर कपाटात होती, आता चार्जरवर लाल-हिरवा दिवा लुकलुकतो आणि पुढे काही होत नाही.

चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या चौकटी, मखरं, दारांच्या दुरुस्त्या अशी कामांची रांग लागते, तेव्हा मला आत्ताच निर्णय घ्यायचाय. आतले सेल बदलून घेतलेले कुणाकडे टिकलेत का? जुन्या खोक्यात लिथियम बसतं का? चांगलं मशीन नुसत्या बॅटरीपायी भंगारात घालणं माझ्या जिवावर येतं.

वेर्णाचा_फिटर

आधी मोजा, मग ठरवा. तुमच्या जुन्या पॅकमध्ये १५ सेल आहेत, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, एकापुढे एक जोडलेले. पॅक 'गेला' म्हणजे पंधराच्या पंधरा गेले असं सहसा नसतं. दोन-तीन सेल अशक्त होतात. तुम्ही ट्रिगर दाबून ठेवता तेव्हा ते आधी रिकामे होतात आणि बाकीचे बारा त्यांच्यातून उलटा करंट ढकलत राहतात. अशक्त सेल त्या उलट्या चार्जिंगने पार मरतो. म्हणून मशीनचा आवाज उतरला की तिथेच थांबावं, उरलेला शेवटचा स्क्रू मारत बसू नये.

नुसता मल्टिमीटर लावून काही कळणार नाही, बिनभाराचा पॅक १८ व्होल्ट दाखवेलच. कारच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे ५५ वॅटवाले दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा आणि पॅकवर लावा. साधारण ४ अँपिअर ओढतील. बल्ब पेटलेले असताना एकेक सेल मोजा. चांगला सेल १.२ च्या आसपास टिकतो. जो शून्याकडे जातो किंवा उणे दाखवतो, तो चोर.

आबोली

वाचतेय. आमच्या ह्यांच्या खोलीत अशा मेलेल्या बॅटऱ्यांचं संग्रहालय आहे.

शॅकवाला_हरमल

रंधाभाऊ, तुमचं तिसरं दुखणं आमच्या किनाऱ्यावर घरोघरी आहे. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल, मे महिन्याच्या शेवटी उतरवायचा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा उभा करायचा. त्या दिवसांत बांबू, प्लायवूड, फळ्या आणि स्क्रू एवढंच आयुष्य असतं, आणि ड्रिल हातातून सुटत नाही. मग जून ते सप्टेंबर सगळी हत्यारं ट्रंकेत. लिथियमच्या बॅटऱ्या आमच्याकडे वापरून मरत नाहीत, न वापरून मरतात.

एका दुकानात दुरुस्तीला दिली होती. त्यांनी बसलेली एक जोडी काढून नवी घातली, बाकीच्या जुन्याच ठेवल्या. सीझनच्या मध्यावर पॅक पुन्हा बसला. त्यामुळे माझा सल्ला, बदलायचे तर सगळे बदला.

ओहम_मडगाव

शॅकवाला यांनी नेमकं बोट ठेवलंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण लिथियमच्या बाबतीत अर्धवट माहितीने हात भाजतात.

१८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा १८६५० आकाराचे दहा सेल असतात, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. दोन-दोन सेल समांतर जोडलेल्या अशा पाच जोड्या सिरीजमध्ये. नाममात्र ३.६ व्होल्टने पाच जोड्यांचे १८, पूर्ण भरल्यावर ४.२ ने २१. पाचही जोड्या सारख्या चालल्या तरच पॅक चालतो. आतला छोटा सर्किट बोर्ड स्वतःसाठी थेंबभर वीज घेत असतो, आणि काही पॅकमध्ये ती सगळ्या जोड्यांतून सारखी न जाता एकाच जोडीतून जास्त जाते. रोजच्या कामात ते जाणवत नाही. बॅटरी रिकामी करून चार महिने ठेवली की तीच जोडी तळाला जाते. मग चार्जरला पाच जोड्यांतली तफावत दिसते, किंवा एखादी जोडी धोक्याच्या खाली दिसते, आणि तो चार्ज करायला नकार देतो. तो लुकलुकणारा दिवा बऱ्याचदा हेच सांगत असतो. तुमच्या चार्जरवर त्या दिव्याचा नेमका अर्थ काय, ते माहितीपुस्तिकेत बघा.

दुसरी अडचण अशी की काही पॅकचा बोर्ड चूक लक्षात ठेवतो. ठरावीक वेळा चार्जिंग फसलं की तो स्वतःला कायमचं कुलूप लावतो. अशात तुम्ही कोरे सेल घातले तरी चार्जर ओळखत नाही. तेव्हा सेल विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलचा बोर्ड कुलूप लावणाऱ्यांपैकी आहे का, हे शोधा. असेल तर बोर्डही बदलावा लागेल.

पाच जोड्यांचे व्होल्ट मोजून इथे टाका, मग पुढचं बोलू.

बोल्ट_नट

एवढं कशाला? दुसऱ्या भरलेल्या बॅटरीच्या वायरी दोन मिनिटं जोडायच्या, बसलेला पॅक उठतो आणि चार्जर घेतो. व्हिडिओ ढिगाने आहेत. मी केलंय, चालतंय.

ओहम_मडगाव

बोल्ट_नट, उठतो हे खरं आहे. किती खोल गेला होता, यावर सगळं अवलंबून. सेल नुकताच २.५ च्या जरा खाली गेला असेल, तर अगदी कमी करंटने, समोर बसून, हळूहळू ३ व्होल्टपर्यंत आणता येतो. पण २ च्याही खाली बरेच दिवस राहिला असेल तर आतल्या ऋण बाजूच्या पत्र्याचं तांबं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी जमतं आणि सेलच्या पोटात शॉर्ट होण्याची सोय करून ठेवतं. असा सेल वरून ठीक दिसतो. आज पेटेल की दोन महिन्यांनी की कधीच नाही, बाहेरून सांगता येत नाही. शिवाय भरलेली बॅटरी थेट जोडली की करंटवर कुणाचाच ताबा नसतो. लाकडाच्या भुशाने भरलेल्या युनिटमध्ये हा प्रयोग मी कुणालाही करू देणार नाही.

वेर्णाचा_फिटर

ओहम यांना +१. ती 'झटका द्या' युक्ती मुळात निकेल-कॅडमियमची. त्या सेलमध्ये कॅडमियमचे बारीक तंतू वाढून आत शॉर्ट होतो, आणि मोठ्या करंटच्या झटक्याने तो तंतू जळतो. सेल काही दिवस चालतो, मग तंतू पुन्हा वाढतात. तिथेही ती मलमपट्टीच आहे. लिथियमला तर ती लावूच नये.

पणजी_तिसवाडी

माझ्या ड्रिलवर २० व्होल्ट लिहिलंय. १८ वाल्यापेक्षा ताकद जास्त ना?

वेर्णाचा_फिटर

दोन्हीत सेलच्या पाचच जोड्या. कुणी ३.६ ने गुणलं, कुणी ४ ने. ताकद मोटर आणि सेलवर ठरते, त्या आकड्यावर नाही.

कुळागरी_फोंडा

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आमचं कुळागर आहे, पोफळी, त्यावर मिरी, खाली वेलची. मिरीच्या वेलांना आणि रोपांना बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारायला पाठीवरचा बॅटरीचा पंप वापरते. त्यात १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी येते. वजनाला दणदणीत, आणि पावसाळ्यात तशीच राहिली की पुढच्या वर्षी संपलेलीच. उतारावर ते ओझं घेऊन चढायचं म्हणजे कंबरेचं काम होतं.

मुलाने त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल आणि चार सेलचा बीएमएस (सेल सांभाळणारा सर्किट बोर्ड) बसवला. ३.२ चे चार म्हणजे १२.८ व्होल्ट, पंपाची मोटर तीच. पाठ हलकी झाली. जुना चार्जर बाजूला ठेवला आणि १४.६ व्होल्टचा त्या सेलसाठीचाच घेतला. दोनच गोष्टी सांगते. मोरचूद आणि चुन्याचं पाणी टर्मिनलवर सांडलं की तांबं-पितळ हिरवं होऊन खातं, म्हणून बॅटरीचा कप्पा आधी पुसून मगच बंद करायचा. आणि दुकानदार 'लिथियम' एवढंच सांगतात, त्यांना कुठलं लिथियम ते विचारा. ड्रिलमधले ३.६ वाले आणि हे ३.२ वाले यांचे चार्जर एकमेकांना चालत नाहीत.

रंधा_डिचोली

कुळागरीताई, खूप उपयोगाचं सांगितलंत. माझ्या मेव्हण्याकडे तोच पंप आहे, त्याला दाखवतो.

मंडळी, मग माझ्या ड्रिलमध्येही आयर्न फॉस्फेट का नको? जास्त सुरक्षित म्हणतात ना?

ओहम_मडगाव

सुरक्षित आहेच, तापलं तरी सहजी भडकत नाही. पण त्याच आकारात वीज कमी मावते आणि १८ व्होल्टला सहा सेल लागतात, १९.२ होतात. पंप ४-५ अँपिअरवर संथ चालतो, तिथे छान. ड्रिल अडकली की क्षणात ३० अँपिअर किंवा त्याहून जास्त मागते. तुमच्या खोक्यात तेवढ्या दमाचे सहा सेल बसवणं अवघड जाईल.

खरा मुद्दा हाच आहे, आणि सगळेजण तो सोडून क्षमतेचा आकडा बघतात. सेल घेताना आधी अँपिअर विचारा. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल चांगला असला तरी तो ४-५ अँपिअरच्या कामासाठी बनलेला. ड्रिलमध्ये घातला की तापतो, व्होल्ट कोसळतात, मशीन थांबतं. सॅमसंगचा २५आर २,५०० मिलीअँपिअर-अवरचाच आहे, पण २० अँपिअर सलग देतो. दोन समांतर लावले की ४०.

आणि ज्यावर ९,९०० लिहिलंय तो सेल हातात धरू नका. १८६५० आकारात बहुतेक अस्सल सेल ३,५००-३,६०० च्या आतच असतात. वजन करून बघा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बऱ्याचदा फार हलका निघतो.

शॅकवाला_हरमल

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरची पारखून घेणारे आम्ही, आता तराजू घेऊन सेल पारखायचे.

सोल्डर_गन

मला एक सांगा, स्पॉट वेल्डरच कशाला पाहिजे? मी आयुष्यभर सोल्डरिंग केलं. १०० वॅटची इस्त्री, फ्लक्स, झटपट टाका. होतं.

वेर्णाचा_फिटर

पत्ती आधीच वेल्ड केलेले निकेल-कॅडमियम सेल मिळतात. त्या पत्तीवर खुशाल सोल्डर करा, मीही तेच करतो. उघड्या लिथियम सेलच्या तोंडावर इस्त्री टेकवायची नाही. धन टोकाखाली प्लास्टिकची सील आणि दाब सोडणारी झडप असते, तिला ती उष्णता सोसत नाही. नुकसान त्या दिवशी दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं, झालं नीट. स्पॉट वेल्ड काही मिलीसेकंदांत संपतो, उष्णता टिकलीएवढ्या जागेत राहते.

बोल्ट_नट

जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरचं आतलं वाइंडिंग काढून जाड केबलचे दोन वेढे दिले की स्पॉट वेल्डर तयार. हे तरी चालेल का सर?

ओहम_मडगाव

चालतं, आणि पत्ती घट्ट बसते. पण मायक्रोवेव्ह उघडणारा माणूस वीजकामातला जाणकार असेल तरच. आतला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वरचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो. त्याने माणसं दगावली आहेत. शिवाय वेल्डची वेळ मोजणारा टायमर हवाच, पायाच्या स्विचवर अंदाजाने केलं तर सेलला भोक पडेल. दोन-तीन पॅकसाठी हा खटाटोप करू नका, बॅटरीवर चालणारा छोटा तयार वेल्डर घ्या नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून करून घ्या.

पत्तीही पारखा. शुद्ध निकेल म्हणून निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड विकतात. कानशीने एक ओरखडा काढा आणि रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. गंज आला तर लोखंड. लोखंडातून करंट जाताना पत्ती तापते, आणि किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती कुजतेही लवकर.

आबोली

आमच्या ह्यांनी हा धागा वाचला आणि सकाळीच संग्रहालयातल्या दोन पॅकचे सेल मोजायला घेतले. स्वयंपाकघराचा वजनकाटा गेला तो गेलाच. एक विचारते, दुपारी दुकान बंद असताना, दीड ते चार, चार्जिंगला लावून झोपलं तर चालेल ना? गोव्यात तेवढा वेळ कुणी ड्रिल मागणार नाही!

वेर्णाचा_फिटर

हसलो, पण उत्तर नाही असंच. दोन कारणं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखाली शेडमध्ये फार तापतं, आणि लिथियम किंवा निकेल दोन्ही ४० अंशांच्या वर चार्ज करू नये. दुसरं, नव्याने बांधलेला पॅक पहिल्या काही वेळा तरी डोळ्यांसमोर चार्ज करायचा, लादीवर, आजूबाजूला भुसा, थिनर, कपडे नसताना. सकाळी चहाबरोबर लावा.

गल्फ_रिटर्न

माझा मुद्दा वेगळा. मी कंत्राटावर अॅल्युमिनियम फॅब्रिकेशन करतो. सेल मागवा, वेल्डर शोधा, बीएमएस बसवा, यात दोन दिवसांची मजुरी जाते, आणि तो पॅक उद्या शिडीवर दगा देणार नाही याची हमी कोण देतं? ज्याचं पोट हत्यारावर आहे त्याने नवीन कंपनीचा पॅक घ्यावा. दुरुस्ती ही फावल्या वेळातली हौस आहे.

विमानाने हत्यारं नेणाऱ्यांसाठी अजून एक. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-अवर, १०० च्या आत आहे, त्यामुळे पॅक चालतो. पण तपासणीला छापील आकडा दिसावा लागतो. घरी बांधलेला, टेप गुंडाळलेला पॅक मोपा किंवा दाबोळीला दाखवून वाद घालायची तयारी असेल तर न्या.

रंधा_डिचोली

गल्फ_रिटर्न, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणून तर विचारायला आलो. पण लिथियमचा नवा पॅक मिळतो, जुन्या ड्रिलचा मिळतच नाही. तिथे काय करू? चांगल्या दोन मशीन टाकून देऊ?

गल्फ_रिटर्न

टाकू नका. अडॅप्टर घ्या. जुन्या ड्रिलच्या तोंडाला बसणारा आणि वर नव्या कंपनीचा लिथियम पॅक घेणारा प्लास्टिकचा तुकडा मिळतो. तुमच्या मॉडेलला मिळत नसेल तर मेलेल्या जुन्या पॅकचं खोकं रिकामं करून त्याच्या टर्मिनलला जाड वायर जोडून बनवता येतो. सेल फोडायची गरज नाही, चार्जर कंपनीचा, पॅक कंपनीचा.

ओहम_मडगाव

रंधा यांच्या जुन्या दोन ड्रिलसाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, मीही तोच सुचवणार होतो. एकच गोष्ट तपासा. काही पॅक रिकामे झाले की स्वतः बंद होतात, काहींमध्ये बंद करण्याचं काम मशीन करतं आणि पॅक नुसता इशारा देतो. जुन्या ड्रिलला तो इशारा कळत नाही, ती पॅक शोषत राहील आणि सेल खोल उतरतील. तुमचा पॅक दुसऱ्या जातीचा असेल तर अडॅप्टरमध्ये व्होल्ट कमी झाल्यावर तोडणारं छोटं सर्किट घाला. वाटेत फ्यूजही असू द्या.

कुळागरी_फोंडा

आणि काढलेले जुने सेल? ते भंगारअड्ड्यावर देऊ नका. कॅडमियम विषारी आहे, आमच्या पाटाच्या पाण्यात उतरायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा आधी विक्रेत्याला विचारा. आमच्या वाड्यावर पंचायतीचा सुका कचरा नेणाऱ्यांना वेगळी पिशवी करून देतो आणि आत काय आहे ते तोंडी सांगतो. टोकांना टेप लावायची, नाहीतर पिशवीतच एकमेकांना लागून ठिणगी पडते.

रंधा_डिचोली

मोजलं एकदाचं. जुन्या दोन्ही पॅकमध्ये मिळून निम्म्याहून जास्त सेल भाराखाली कोसळतात, तेव्हा ते बांधण्यात अर्थ नाही. अडॅप्टर करतो. लिथियमवाल्याच्या चार जोड्या ३.४ च्या आसपास आहेत आणि पहिली १.१ वर.

ओहम_मडगाव

१.१, आणि तीही पावसाळाभर. त्या जोडीला चार्ज देऊ नका. चार जोड्या चांगल्या दिसल्या तरी त्याही तेवढ्याच म्हाताऱ्या आहेत. शॅकवाला यांच्या अनुभवाप्रमाणे दहाच्या दहा बदला, एकाच खेपेतले घ्या.

बांधताना क्रम असा ठेवा. आधी सगळे नवे सेल एकाच व्होल्टवर आणा, मगच समांतर जोडा. प्रत्येक धन टोकावर फिश पेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) रिंग चिकटवा, कारण त्या टोकाची कड म्हणजे सेलचं ऋण अंगच असतं, मध्ये फक्त पातळ आवरण. तापमान मोजणारा सेन्सर जुन्या जागीच सेलला चिकटवा, तो कापून टाकू नका. बोर्डाला वायरी ऋण टोकाकडून क्रमाने लावा आणि प्रत्येक पायरीला व्होल्ट मोजा, ३.६, ७.२, १०.८ असे चढत जायला हवेत. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

शॅकवाला_हरमल

आणि पुढच्या जूनला सगळ्या लिथियम बॅटऱ्या मशीनमधून काढून अर्ध्या भरून ठेवा. सेलला ३.७-३.८ च्या आसपास. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. नारळी पौर्णिमेला एकदा मोजायच्या, उतरल्या असतील तर पुन्हा अर्ध्यावर आणायच्या. आम्ही हे करायला लागल्यापासून ऑक्टोबरला नव्या बॅटऱ्या शोधत फिरावं लागत नाही.

रंधा_डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. सेलची ऑर्डर देतोय. सुटे लिथियम सेल विमानाने पाठवायला फार निर्बंध आहेत म्हणे, म्हणून रस्त्याने येणाऱ्या कुरिअरचे दिवस धरूनच चवथीचं वेळापत्रक लावतो. ओहमसर, वेल्डिंगला मडगावला तुमच्याकडे आलो तर चालेल का?

ओहम_मडगाव

रविवारी सकाळी या. सेल भरून आणू नका, आलेल्या अवस्थेत तसेच आणा, इथेच मोजू. बोर्डाचं कुलूप आहे का तेही बघू.

बोल्ट_नट

मीपण येऊ का? माझा तो 'उठवलेला' पॅक घेऊन. वापरणं थांबवलंय, अंगणात मातीच्या कुंडीत ठेवलाय.

ओहम_मडगाव

जरूर या. पॅक बसमधून आणू नका, तिथेच राहू दे. मोबाइलवर पाच जोड्यांचे आकडे घेऊन या.